हायझरांच्या दगडाखालची जागा

३ मे २०२०, रविवार

अस्थी हॉट प्रेसच्या कपाटात ठेवल्या आहेत. टॉवेलांच्या वरच्या फळीवर. गरम पाण्याची टाकी तिथेच असल्यामुळे कपाट कोरडं राहतं. दुसरी जागा सुचली नाही.

आईचा पुण्याहून फोन. "अस्थी घरात ठेवू नयेत गं. एखादी नदी असेल ना तुमच्या एनिसला?" आहे. चालत दहा मिनिटांवर. मी म्हटलं, ॲलनने शेवटच्या फोनवर सांगितलंय – त्याला त्याच्या माणसांत ठेवायचं. लिमरिकच्या बाजूला, रॅथकीलजवळ त्यांचं जुनं चर्च आहे, तिथे. आई म्हणाली, "जाणाऱ्याची इच्छा म्हटल्यावर काय बोलायचं."

सोळा दिवस झाले.

६ मे

कामावर. काही विशेष नाही.

११ मे, सोमवार

मर्व्हिनचं ईमेल आलं. हे त्या चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी. पहिली ओळ दुखवट्याची, इथे सगळेच म्हणतात ती – सॉरी फॉर युअर ट्रबल. मग मुद्दा. आवार भरलंय, नव्या कबरी बंद. जुन्या घराण्यांच्या जागा तेवढ्या चालू, त्याही फक्त वंशजांना. ॲडम हायझरच्या दगडाखाली एका कलशापुरती जागा आहे. पण हायझर नावाची घराणी तीन होती. तुमचे यजमान नेमके ॲडमचे, हे चर्चच्या दप्तरातून दाखवा, मग आमची काही हरकत नाही.

ॲलनची निळी फाइल काढली. सतरा वर्षांच्या संसारात ही फाइल मी फक्त धूळ पुसायला हातात घेतली होती. ॲडम हायझर – १७०९ साली ऱ्हाइन नदीकाठची शेकडो जर्मन कुटुंबं लढाया आणि थंडीला कंटाळून पळाली, त्यांतलं हे सहा वर्षांचं पोर. आधी लंडन, मग डब्लिन, मग लिमरिकच्या एका जमीनदाराने शेतं दिली. ॲलन म्हणायचा, आम्हाला येऊन तीनशेच वर्षं झालीत, आम्ही अजून ब्लो-इनच. म्हणजे बाहेरचे, वाऱ्याने उडून आलेले.

ॲलनपासून मागे जाताना फाइल ख्रिस्तोफर पीटर हायझर या माणसापाशी थांबते. जन्म १८३१. हा त्याच्या पणजोबांचा, म्हणजे आल्बर्टचा बाप. पुढचं रिटायर झाल्यावर करणार होता. ॲलन बावन्न वर्षांचा होता, शाळेत सुतारकाम शिकवायचा. घाई कशाची असणार.

म्हणजे ॲडम आणि ख्रिस्तोफर यांच्यामधली माणसं मला शोधायची आहेत.

२४ मे, रविवार

मर्व्हिनने ऑलिव्हचा नंबर दिला. वय अठ्ठ्याहत्तर. चर्चशेजारीच राहते, दप्तराच्या तिजोरीची किल्ली तिच्याकडे. १९२२ साली डब्लिनच्या सरकारी दप्तरखान्याला आग लागली, अर्ध्या देशाच्या चर्चांची पुस्तकं त्यात गेली. या चर्चची वाचली, कारण तिथल्या पाद्रीबुवांनी ती डब्लिनला पाठवण्याचा आळस केला. ऑलिव्ह म्हणाली, "देव आळशी माणसांचं भलं करो."

सत्तरीपुढच्यांनी घराबाहेर पडायचं नाही असा सरकारी हुकूम आहे. कोकूनिंग म्हणतात, कोशात राहणं. मी काउंटी, म्हणजे आमचा जिल्हा, ओलांडायची नाही. तेव्हा ती दर रविवारी चार वाजता फोनवर वाचणार, मी लिहून घेणार. तिने एक पुस्तक बाजाराच्या ट्रॉलीत घालून, वर भांडी पुसायचं फडकं टाकून घरी आणलंसुद्धा.

उंटावरून शेळ्या हाकणं आहे हे. पण रविवारचे दोन तास जातील.

७ जून, रविवार

आज १७४१. सहा महिन्यांत चार हायझर पुरले. दोन लहान मुलं. ऑलिव्हने त्यांची नावं दोनदा वाचली. मी लिहून घेतलं – नाव, तारीख, वय. काही वाटलं नाही. फॅक्टरीत दर दोन तासांनी निर्जंतुक क्लीनरूमचं तापमान लिहितो तसं मी हे लिहून ठेवते आहे. काही वाटलं नाही. काही वाटलं नाही. तापमान स्थिर.

निवेदिता जेवताना म्हणाली, "यू ओके, आई?" चौदा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. मी म्हटलं, बरी आहे. म्हणाली, "ग्रँड." दोघींनी ताटं उचलली.

५ जुलै, रविवार

काउंटी ओलांडायला परवानगी. गेलो.

छोटं चर्च, राखाडी दगडाचं. ऑलिव्ह फाटकाशी उभी होती, मास्क, वर टोपी, दोन मीटर मोजून. दगड उत्तरेच्या भिंतीजवळ आहे. अक्षरं निम्मी गेलीत. ऑलिव्हने ओल्या स्पंजने पुसलं तेव्हा वाचता आलं – ॲडम हायझर, जन्मभूमी पॅलॅटिनेट, मृत्यू १७६४, वय ६१.

एकसष्ट वर्षांपैकी पंचावन्न इथे काढली. दगडावर मात्र तिथला, ऱ्हाइनकाठचा.

निवेदिता लांबूनच बघत होती. जवळ ये म्हटलं तर आली. गवतावरून हात फिरवला. म्हणाली, "इट्स नाइस, लाइक."

२ ऑगस्ट, रविवार

सापडला!

पीटर हायझर. लग्न १८२७. बाप जेकब, आणि जेकब हा ॲडमचा नातू – ते दोन आठवड्यांपूर्वीच जुळलं होतं. आमचा माणूस ख्रिस्तोफर पीटर. म्हणजे पीटरचा ख्रिस्तोफर. ॲलन – व्हिक्टर – जॉर्ज – आल्बर्ट – ख्रिस्तोफर – पीटर – जेकब – मायकल – ॲडम. साखळी पुरी.

पीटरच्या पोरांत ख्रिस्तोफरची नोंद मात्र ऑलिव्हला दिसत नाही. त्या वर्षांच्या पानांना पाणी लागलंय. ती म्हणाली, "१८३१ मध्ये बार्बरा हायझर म्हणून एकीचा मुलगा आहे. बापाचं नाव नाही, मुलाचं पुसट आहे, भिंग लागेल. वाचू?" मी म्हटलं, नको, बापाचं नाव नसेल तर आपल्या काय कामाचा. पीटरच्याच पानांचे फोटो पाठव.

पाठवले. दर फोटोत तिचा अंगठा.

१३ सप्टेंबर

वंशवृक्ष काढून मर्व्हिनना पाठवला. फॅक्टरीत रिपोर्ट करते तसा – प्रत्येक नावाला पुराव्याचा नंबर, शेवटी सही. ख्रिस्तोफरच्या नावापुढे 'पान खराब' असं लिहिलं.

आईला सांगितलं, आता होईल. आई म्हणाली, "पितृपक्ष चालू आहे, त्यातच झालं असतं तर बरं."

४ ऑक्टोबर

उत्तर नाही.

२१ ऑक्टोबर

परत लॉकडाउन. घरापासून पाच किलोमीटरच्या आत राहायचं. मला फरक पडत नाही. घर, फॅक्टरी, घर. फॅक्टरीचा पास आहे – आम्ही व्हेंटिलेटरच्या नळ्या बनवतो, आम्ही अत्यावश्यक.

९ नोव्हेंबर, सोमवार

मर्व्हिनचं उत्तर. चार महिने लावले असते तरी चाललं असतं असं उत्तर.

पीटर हायझर १८३० च्या वसंतात बायको आणि दोन मुलींसह कॅनडाला गेला. जहाजाची यादी आहे, तिथल्या चर्चमध्ये नोंद आहे. १८३१ साली लिमरिकमध्ये जन्मलेलं पोर त्याचं असणं कठीण. कमिटीला सध्या मान्यता देता येत नाही. आणि शेवटी एक साधा प्रश्न – 'ख्रिस्तोफरचे वडील पीटर, हे आपण कशावरून ठरवलंत?'

मी उत्तर लिहायला बसले. 'त्याच्या नावावरून' असं टाइप केलं. आणि थांबले.

१५ नोव्हेंबर, रविवार

ऑलिव्हला सांगितलं. आमच्याकडे आधी आपलं नाव, मग बापाचं, मग आडनाव. मधलं नाव म्हणजे बाप. ते लग्नापर्यंत, लग्नानंतर नवरा. यात विचार करण्यासारखं काही असतं हेच कधी मनात आलं नाही.

ऑलिव्ह हसत सुटली. फोनवर तिला खोकला लागेपर्यंत. "माझं मधलं नाव मिल्ड्रेड. मिल्ड्रेड माझी मावशी. तिची बारा एकर जमीन होती म्हणून ठेवलं. जमीन भावाला गेली, नाव मला राहिलं."

मीही हसले. बऱ्याच दिवसांनी. मग शरम वाटली. ॲलनचं मधलं नाव ट्रेव्हर. त्याच्या बापाचं नाव व्हिक्टर! लग्नाच्या कागदावर, घराच्या कागदावर, मृत्यूच्या दाखल्यावर – सतरा वर्षं मी ट्रेव्हर वाचते आहे. हा ट्रेव्हर कोण, असं एकदाही विचारलं नाही. मुलीच्या जन्माच्या नोंदीत मात्र हट्टाने लिहायला लावलं – निवेदिता ॲलन हायझर. रजिस्ट्रारबाई दोनदा विचारत होती, मुलगी ना नक्की? ॲलन हसून म्हणाला होता, लिहा, हिच्याशी वाद घालू नका. शाळेत पोरं तिला अजून ॲलन म्हणून चिडवतात.

चाळिशी उलटली तरी आपलं ते जगाचं असं समजून चालले. ट्रेव्हर कोण होता ते आता कुणाला विचारू.

२५ डिसेंबर

निवेदिताने बटाटे भाजले. मी वरणभात केला. दोन्ही खाल्लं.

१० जानेवारी २०२१, रविवार

बर्फ. ऑलिव्ह आजारी, आज फोन नाही. चार वाजता वही घेऊन बसले तर लिहायला काही नाही. तेव्हा इथे तरी खरं लिहावं.

ॲलनने असं काही सांगितलं नव्हतं.

१७ एप्रिलला चार वाजून दहा मिनिटांनी हॉस्पिटलच्या कोविड वॉर्डातून मला फोन आला. मी क्लीनरूममध्ये होते. तिथे फोन नेता येत नाही, तो लॉकरमध्ये. साडेपाचला गाऊन काढून पाहिलं – तीन मिस्ड कॉल. लावला. नर्स म्हणाली, पाचला गेला. अजूनही काहीतरी बोलत होती ती, मी फोन ठेवून दिला.

संध्याकाळी अंत्यविधीवाल्याने विचारलं, काही सांगितलं होतं का त्यांनी शेवटी? आणि मी हो म्हटलं. नवरा जात होता तेव्हा मी नळ्या तपासत होते, हे सांगायला तोंड नव्हतं. म्हटलं, फोनवर बोलला माझ्याशी. त्याच्या माणसांत ठेवा म्हणाला. निळी फाइल आठवली असेल. तोंडातून निघून गेलं. मग तेच आईला. तेच मर्व्हिनना, ऑलिव्हला. त्याच रात्री निवेदितालाही. ती माझ्याकडे बघत राहिली, बराच वेळ. मग "ओके" म्हणाली आणि चहाचं पाणी ठेवलं.

त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं पाच दिवस आधीचं. हिरवा कचऱ्याचा डबा मंगळवारी बाहेर ठेव, एवढंच.

तर मी आठ महिने एका खोट्याचा पुरावा गोळा करते आहे. थांबावं, तर मग अस्थींचं काय करू? आणि रविवारी चार वाजता काय करू? खोटं तर खोटं, पण त्याला कुठेतरी जागा मिळाली पाहिजे. ती मी मिळवीन. तेवढं तरी करीन.

११ जानेवारी

कालचं पान फाडायचं होतं. राहू दिलं.

२१ फेब्रुवारी, रविवार

ऑलिव्ह बरी झाली. आज मी म्हटलं, त्या बार्बराची नोंद वाच.

पानांचा आवाज, मग भिंग शोधल्याचा. मग तिने वाचलं. १८३१, मार्चची सहा तारीख. ख्रिस्तोफर पीटर, बार्बरा हायझर हिचा मुलगा, बार्बरा अविवाहित. खाली बार्बराच्या बापाचं नाव, जेकब हायझर. नातवाला त्यानेच चर्चमध्ये आणलं होतं.

म्हणजे पीटर हा तिचा भाऊ. आदल्या वर्षी कॅनडाला गेलेला. पोराला मामाचं नाव दिलं. आडनाव आईचं, दुसरं होतं कुठे.

हे ऑगस्टमध्ये तिने विचारलं होतं, वाचू का म्हणून. मीच नको म्हटलं.

२८ फेब्रुवारी

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे. जाडजूड, लाल बांधणीचा. गुरुनाथकाकांनी सात वर्षं घासून छापला. मुलग्यांच्या पुढे रेघा निघतात, रेघांना रेघा फुटतात, पानंच्या पानं. मुलीच्या नावापुढे एक ओळ – कुठे दिली. माझी आहे: 'गिरिजा, बी.ई., विवाह, आयर्लंड'. निवेदिता त्यात नाही. लग्नानंतर काकांना मी स्वतःच सांगितलं होतं, बरोबर छापलंय म्हणून.

बार्बराला कुलवृत्तांतात घातलं असतं तर ॲलन कुठेच निघाला नसता. त्या पाद्रीबुवांनी पुस्तक डब्लिनला पाठवण्याचा आळस केला, पण बार्बराचं नाव लिहिण्याचा केला नाही. मी मात्र सहा महिने तिला ओलांडून तिच्या भावामागे धावत होते.

लाज वाटली. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं ते हे.

१४ मार्च

नवा वंशवृक्ष पाठवला. यात एकही 'पान खराब' नाही. अंगठ्यासकट फोटो जोडला.

२ एप्रिल

मर्व्हिनचा फोनच आला. कमिटीने मान्य केलं. मी चाचरत विचारलं, मुलीकडून वंश गेला तर चालतो ना? त्यांना प्रश्नच कळला नाही. मग म्हणाले, "बार्बरा स्वतः तिथेच आहे. ॲडमच्या पायाशी. तिचा मुलगा आला तर ती काय नको म्हणणार आहे?"

फोन ठेवला आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिले.

१७ एप्रिल

वर्ष. आईने पुण्यात ब्राह्मणाला शिधा दिला. मी कामावर गेले.

२२ मे, शनिवार

काउंटीबाहेर जायला मिळालं, तेव्हा आज उरकलं. पाद्रीबाई, मर्व्हिन, ऑलिव्ह, आम्ही दोघी. खड्डा अगदी लहान होता, मर्व्हिनने स्वतः खणला होता. आईने सांगितलं होतं म्हणून तीळ नेले होते, ते टाकले. पाद्रीबाईंनी विचारलं, हे काय. मी म्हटलं, तीळ. त्या बरं म्हणाल्या आणि पुढचं वाचू लागल्या.

ऑलिव्हने सँडविचेस आणले होते. भिंतीवर बसून खाल्ले. ती म्हणाली, "त्याने सांगितलं ते तू पुरं केलंस. किती बायका करतात?" मी हातातलं सँडविच परत कागदात गुंडाळलं. निवेदिता एकदम उठली आणि म्हणाली, शी नीड्स वॉटर. गाडीतून बाटली आणून माझ्या हातात दिली.

२३ मे, रविवार

आज चार वाजता फोन नव्हता. निवेदिता समोर येऊन बसली. म्हणाली, त्या दिवशी तू उचलला नाहीस म्हणून नर्सने घरच्या नंबरावर केला. मी घेतला. मग व्हिडिओ, नर्सच्या टॅब्लेटवरून. अकरा मिनिटं. डॅडच्या तोंडावर मास्क होता, त्याला बोलता येत नव्हतं. मीच बोलत होते.

म्हणजे तिला पहिल्या रात्रीपासून माहीत आहे.

मी म्हटलं, मग वर्षभर बोलली का नाहीस? मला थांबवलं का नाहीस?

"बिकॉज यू वर गेटिंग अप इन द मॉर्निंग्ज, आई."

आणि मी समजत होते, मी तिला सांभाळते आहे.